करोडगिरी : मराठवाड्याच्या वेशीवरची जकात

हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणी वाचताना एक वाक्य पुनःपुन्हा भेटते : करोडगिरीचा नाका जाळला. शिंदीची झाडे तोडली, जंगल सत्याग्रह केला, तिरंगा लावला आणि नाका जाळला, अशी ती यादी असते. झेंड्याचा अर्थ आज कोणालाही कळतो. शिंदीच्या झाडामागे निजाम सरकारचे अबकारी उत्पन्न होते, हेही थोडे सांगितले की कळते. नाक्याचे मात्र कोडे पडते. जकात काही एकट्या निजामाच्या मुलखात नव्हती. मुंबई बंदरात ती होती आणि इंग्रजी मुलखातल्या कित्येक शहरांच्या वेशीवरही होती. शिवाय करोडगिरीचा दर दीर्घकाळ शेकडा ५ एवढाच होता. शेकडा ५ साठी माणसे जीव धोक्यात घालून सरकारी चौकीला आग लावतात काय?

या प्रश्नाचे उत्तर करोडगिरीच्या दरात शोधले तर सापडत नाही, तिच्या कारभारात शोधले तर सापडते. नाक्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला किती द्यावे लागले यापेक्षा ते कोणी, कसे आणि किती वेळाने ठरवले, याला महत्त्व होते. नांदेड आणि लातूर या दोन पेठांच्या अनुषंगाने ही व्यवस्था कशी चालत असे, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

शब्द आणि त्यामागचे खाते

'करोडगिरी' हा शब्द मोगल अमदानीतला. अकबराने १५७५ च्या सुमारास महसुलाची नवी व्यवस्था लावली, तेव्हा एक कोटी दाम वसुलीच्या प्रदेशावर एकेक अधिकारी नेमला. त्याला 'करोडी' म्हणू लागले. मूळ अर्थाने हा जमीनमहसुलाचा माणूस. पुढे अर्थ सरकत गेला आणि निजामाच्या राज्यात करोडगिरी म्हणजे सायर जकात, म्हणजेच येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरचा कर घेणारे खाते, असा अर्थ रूढ झाला.

या जकातीची मर्यादा एका तहाने घालून दिली होती. १८०२ साली ईस्ट इंडिया कंपनी आणि निजाम यांच्यात व्यापारी तह झाला. कंपनीच्या मुलखातून निजामाच्या मुलखात येणाऱ्या मालावर शेकडा ५ पेक्षा अधिक जकात घेऊ नये, असे त्यात ठरले. त्याच तहाने निजामाला मच्छलीपट्टणचे बंदर वापरण्याची मोकळीक मिळाली. आतल्या भागात मात्र जहागीरदार, मक्तेदार आणि वाटेवरचे राहदारीवाले यांची वसुली चालूच होती. पहिला सालारजंग १८५३ ते १८८३ या काळात दिवाण होता. त्याच्या कारकिर्दीत मक्त्याची पद्धत मागे पडली, आतल्या राहदारीच्या जकाती आवरल्या गेल्या आणि राज्याच्या हद्दीवर जकात घेणारे सरकारी खाते उभे राहिले. सुधारणा म्हणून ही मोठीच होती. दहा ठिकाणी पैसे मोजणाऱ्या व्यापाऱ्याला आता एकाच ठिकाणी मोजावे लागणार होते. पण त्यामुळे सगळा भार हद्दीवरच्या नाक्यावर आला, आणि नाका हाच सामान्य माणसाला दिसणारा सरकारचा चेहरा झाला.

वेस कुठून जात होती?

आजचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवला तर ही हद्द कळणे अवघड आहे. नांदेड हा निजामाचा जिल्हा होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता, स्वतंत्र जिल्हा तो १९८२ साली झाला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. लातूरच्या पश्चिमेला बार्शी आणि सोलापूर इंग्रजी अमलाखाली. बार्शी तालुका आणि निजामाची गावे अशी एकमेकांत गुंतलेली होती, की शेजारच्या बाजाराला जाणे म्हणजे राज्य ओलांडणे.

नांदेडच्या उत्तरेला तर आणखी विचित्र प्रकार होता. हदगावकडून पैनगंगा ओलांडली की उमरखेड, म्हणजे वऱ्हाड. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता आणि १९०२ साली तो त्यांना कायमच्या पट्ट्याने दिला गेला, तरी नावाने मालकी निजामाचीच मानली जाई. १९३६ नंतर निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' अशी पदवीही होती. म्हणजे एकाच धन्याच्या नावाने चालणाऱ्या दोन मुलखांच्या मधून जकातीची रेघ गेली होती.

रेल्वेने ही रेघ पुसली नाही, उलट ठळक केली. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली आणि लातूरची पेठ कुर्डुवाडीमार्गे मुंबईशी जोडली गेली. सिकंदराबाद-मनमाड मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. त्याने नांदेडला एकीकडे हैदराबाद आणि दुसरीकडे इंग्रजी मुलखातले मनमाड मिळाले. कापूस, करडई, जवस, भुईमूग बाहेर जाऊ लागले. कापड, लोखंडी सामान, कागद, औषधे, यंत्रांचे भाग आत येऊ लागले. निर्यातीवरही जकात होती, त्यामुळे जाताना कापूसवाला आणि येताना कापडवाला अशा दोघांनाही करोडगिरीशी गाठ घ्यावी लागे.

आणि हे फक्त व्यापाऱ्यांचे नव्हते. मराठवाड्याच्या सोयरिकी सोलापूर, नगर, पुण्यापर्यंत पसरलेल्या. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले, पण तिथले शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठीतून किंवा इंग्रजीतून शिकू पाहणारी अनेक मुले पुणे-नागपूरची वाट धरत. पंढरपूरही इंग्रजी मुलखात. नांदेड-लातूरकडच्या वारकऱ्याला आषाढीला विठोबाच्या पायांशी जायचे तर परराज्यात जावे लागे. परराज्यात राहणारा किंवा जाऊन येणारा मराठी माणूस घरी परतताना जे गाठोडे आणी, ते हद्दीवर 'आयात माल' होऊ शकत होते.

शंभर रुपयांच्या गाठोड्याचा हिशोब

शेकडा ५ हा आकडा साधा दिसतो. तो प्रत्यक्षात कसा वाढतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

समजा, १९२२ नंतर विलायतेहून मुंबई बंदरात उतरलेला १०० रुपयांचा सर्वसाधारण माल लातूरला यायचा आहे. इंग्रज सरकारचा सर्वसाधारण आयात-कर १८९४ मध्ये शेकडा ५ होता, तो वाढत १९२२ मध्ये शेकडा १५ झाला. म्हणजे मुंबईतच माल ११५ रुपयांचा झाला. हे रुपये कलदार, म्हणजे इंग्रजी. हैदराबादेत निजामाचे स्वतःचे हाली नाणे चाले आणि १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा सरकारी भाव असे. तेव्हा ११५ कलदारांचे झाले १३४ रुपये २ आणे ८ पै हाली. नाक्यावर मुंबईच्या बीजकाची किंमत धरली तर त्यावर शेकडा ५ म्हणजे ६ रुपये ११ आणे ४ पै हाली. गाडीभाडे आणि हमाली अजून धरलेलीच नाही.

यात दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, ही करावर लागलेली जकात आहे. मुंबईत भरलेले १५ रुपये मालाच्या किमतीत मिसळले आणि त्यांच्यावरही ५ टक्के लागले. बंदरावरचे उत्पन्न इंग्रज सरकारच्या तिजोरीत जाई, त्यातला वाटा आपल्याला मिळावा अशी संस्थानाची तक्रार असे. तिचे तात्पर्य असे की लातूरचा गिऱ्हाईक दोन सरकारांना कर देत होता आणि दोन्ही सरकारे एकमेकांकडे बोट दाखवत होती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हा सगळा हिशोब 'बीजकाची किंमत धरली तर' या एका अटीवर उभा आहे. ती धरली नाही तर काय?

चार चाव्या

मालाच्या किमतीवर जी जकात बसते तिच्यात खरी सत्ता दरात नसते, किंमत ठरवण्यात असते. दर तहात लिहिलेला होता, तो नाकेदार बदलू शकत नव्हता. पण हे लुगडे आठ रुपयांचे की बाराचे, हा कंदील नवा की वापरलेला, ही भांडी घरची की विक्रीची, हे ठरवणारा तोच. जवळ पक्के बीजक असलेला अडत्या वाद घालू शके. आठवडी बाजारातून किंवा यात्रेतून चार वस्तू घेऊन येणाऱ्याकडे कसले बीजक? त्याच्यासाठी किंमत म्हणजे समोरच्या माणसाच्या तोंडून निघेल ती. ही पहिली चावी.

दुसरी चावी चलनाची. कलदारात घेतलेल्या वस्तूची हालीतली किंमत काढायची म्हणजे ७ आणि ६ च्या प्रमाणाचे गणित, तेही आणे-पैमध्ये. सात हाली म्हणजे सहा कलदार हे व्यापाऱ्याला तोंडपाठ. शेतकऱ्याला ते लिहून दाखवले तरी पडताळता येईलच असे नाही.

तिसरी चावी भाषेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत राज्यकारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. नांदेड-लातूरकडची बहुसंख्य जनता मराठी बोलणारी, पण सरकारी कागद उर्दूत. तारीखही फसली सनाची, इसवी सनापेक्षा सुमारे ५९० वर्षांनी मागची, आणि महिने आजूर, दै, बहमन असे इराणी नावांचे. ज्याला स्वतःच्या पावतीवरचा दिवससुद्धा वाचता येत नाही, तो तिच्यावरचा आकडा कसा तपासणार?

चौथी चावी वेळेची. ही सगळ्यांत जड. थांबलेल्या गाडीचे बैल वैरण खातात, कापसावर पाऊस येऊ शकतो, बाजाराचा दिवस टळतो. नाक्यावरच्या माणसाचे मात्र थांबण्यात काहीच जात नाही. दोघांच्या वेळेची किंमत अशी वेगळी असली की नियमाप्रमाणे वागणे हेसुद्धा पिळवणुकीचे साधन होते. 'सामान उघडा, तपासतो' एवढे म्हणणे पुरे. त्यात लाच मागावीच लागत नाही.

या चारही चाव्या एकाच माणसाच्या कमरेला असल्या की शेकडा ५ चा दर कागदावरच राहतो. दिलेली जकात आणि सोसलेला त्रास यांत मेळ उरत नाही.

जुना अनुभव, दुसऱ्या मुलखांतला

हा निष्कर्ष फक्त हैदराबादचा नाही. चार्ल्स ट्रेव्हेल्यन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३४ मध्ये बंगालमधल्या अंतर्गत जकातींवर अहवाल लिहिला. सरकारच्या तिजोरीत जे पडते त्यापेक्षा चौक्यांवरच्या खालच्या नोकरांच्या हाती पडणारे आणि अडवणुकीने वाया जाणारे कितीतरी अधिक, हा त्याचा मुख्य मुद्दा होता. १८३६ मध्ये बंगालमधल्या त्या जकाती रद्द झाल्या आणि पुढे मुंबई-मद्रास इलाख्यांतही तसेच घडले. जर्मन भाषक राज्यांनी १८३४ मध्येच आपापसांतल्या जकाती काढून एक जकातसंघ केला होता. म्हणजे भोवतालचे जग अंतर्गत जकाती मोडीत काढत असताना मराठवाड्याच्या वेशीवर ती पुढे शतकभर राहिली.

मराठी मुलखाने या त्रासावर आपला एक उपाय पूर्वीच शोधला होता. पेशवाईत जकातीचे नाके इतके होते की प्रत्येक ठिकाणी हुज्जत घालण्यापेक्षा व्यापारी 'हुंडेकऱ्या'ला गाठत. हुंडेकरी एकदाच ठराविक रक्कम घेई आणि सगळ्या वाटेची जकात आपण निस्तरी. एल्फिन्स्टनने पेशवाईच्या अखेरीनंतर लिहिलेल्या अहवालात या पद्धतीची नोंद आहे. हुंडेकरी काय विकत होता? माल तर त्याचा नव्हता. तो नाक्यावरची ओळख आणि वाचलेला वेळ विकत होता. जिथे नियम कळण्यापेक्षा माणूस ओळखीचा असणे उपयोगी पडते, तिथे असा मध्यस्थ उभा राहतोच. मध्यस्थाला पैसे देण्याची ऐपत ज्याची, त्याचा माल पुढे जातो. उरलेले थांबतात.

माणसावरही शिक्का

वेशीवर मालाची जशी पारख होई तशी राज्यात माणसांचीही होई. सरकारी नोकरीसाठी 'मुल्की' म्हणजे राज्याचा रहिवासी असणे आवश्यक, आणि बाहेरून आलेल्याला मुल्की ठरायला १५ वर्षांचे वास्तव्य लागे. स्वामी रामानंद तीर्थ मूळचे विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचे, म्हणजे इंग्रजी मुलखातले. हिप्परगा आणि अंबाजोगाई इथल्या शाळांतून ज्यांनी मराठवाड्याची एक पिढी घडवली, ते सरकारी भाषेत गैरमुल्की होते. वृत्तपत्रांचेही तेच. बाहेरच्या अनेक पत्रांना राज्यात प्रवेशबंदी होती. सामान उघडण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, त्याला लुगड्याखालचा कागदही दिसतो. त्यामुळे नाका हा फक्त जकातीचा उरला नाही. भाषा एक, देव एक, सोयरे एक, आणि मधल्या चौकीवर मात्र आपण परके, ही जाणीव तिथे प्रत्येक खेपेला ताजी होई.

आग लागली तेव्हा

७ ऑगस्ट १९४७ ला हैदराबाद स्टेट काँग्रेसने हिंदी संघराज्यात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळला. १५ ऑगस्टला बार्शीवर तिरंगा लागला, लातूरवर लागला नाही. जी रेघ कालपर्यंत दोन सरकारांमधली होती, ती आता स्वातंत्र्य आणि पारतंत्र्य यांच्यामधली झाली. तिच्यावर उभी असलेली, हाताला लागेल अशी सरकारी वास्तू एकच : करोडगिरीचा नाका.

उमरखेड, बार्शी अशा हद्दीबाहेरच्या भागांत कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले आणि तिथून हद्दीवरच्या ठाण्यांवर व नाक्यांवर हल्ले होऊ लागले. लष्करी दृष्टीने नाका काही किल्ला नव्हता. पण तिथे राज्याचे उत्पन्न होते, दप्तर होते आणि वर्षानुवर्षांची अडवणूक होती. दप्तर जळणे याचा अर्थ गावकऱ्याला समजावून सांगावा लागला नाही.

या काळाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. पण पुढच्या महिन्यांत भारताच्या बाजूने माल अडवला जातो, औषधेसुद्धा येऊ दिली जात नाहीत, अशी तक्रार हैदराबाद सरकार करू लागले. वेस आता दोन्हीकडून आवळली गेली होती. नाका जाळणारे आणि औषधाची वाट पाहणारे एकाच गावातले असू शकत होते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबादेत शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

राज्य गेले, रेघ रेंगाळली

करोडगिरी त्या दिवशी संपली, असा समज सोयीचा आहे, पण खरा नाही. संस्थानांच्या अर्थव्यवस्थेचा विचार करणाऱ्या व्ही. टी. कृष्णम्माचारी समितीने १९४९ मध्ये अंतर्गत जकाती टप्प्याटप्प्याने काढाव्यात असे सुचवले, कारण उत्पन्नाची दुसरी सोय झाल्याशिवाय त्या एकदम काढणे राज्यांना झेपणारे नव्हते. राज्यघटनेच्या कलम ३०१ ने देशभर व्यापार खुला ठेवला, पण कलम ३०६ ने हैदराबादसारख्या 'ब' वर्गातल्या राज्यांना केंद्राशी करार करून जास्तीत जास्त दहा वर्षे अशी जकात चालू ठेवण्याची मुभा दिली. हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने वगळले गेले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. झेंडा एका दिवसात बदलता येतो. महसुलाचे खाते तसे बदलत नाही.

त्यानंतर शहरांच्या जकाती, राज्यांच्या सीमांवरचे तपासणी नाके असे या घराण्याचे वारस बराच काळ टिकले. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि देशांतर्गत व्यापाराच्या वाटेवरचे असे बहुतेक अडथळे गेले. मराठवाड्याची वेस आता विमानतळावर आणि परदेशी टपाल कचेरीत आहे. आखातात, युरोप-अमेरिकेत राहणारी नांदेड-लातूरची माणसे घरी सामान आणतात किंवा धाडतात, तेव्हा त्यांना त्याच चार प्रश्नांना तोंड द्यावे लागते. वस्तूची किंमत कोणती धरायची? कोणत्या विनिमय दराने? कागद कोणते, कोणत्या भाषेत? आणि किती दिवस थांबायचे?

फरक पडला आहे तो पहिल्या दोन चाव्यांत. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १४ प्रमाणे प्रत्यक्ष व्यवहारात दिलेली किंमत हा मूल्याचा पाया आहे. ती नाकारायची तर अधिकाऱ्याला संशयाचे कारण असावे लागते. विनिमय दरही अधिकृतपणे जाहीर होतो. नाकेदाराच्या तोंडातला आकडा कायद्याने कागदावर आणला, ही साधी गोष्ट नाही. उरलेल्या दोन चाव्या, भाषा आणि वेळ, अजून पूर्णपणे सुटलेल्या नाहीत. डिसेंबर २०१९ च्या एका अधिसूचनेने टपाल-कुरिअरने भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंची करमुक्त वाट बंद केली, अपवाद ठेवले ते जीवरक्षक औषधे आणि राखी यांचे. राखी चालेल, पण राखीबरोबरची भेटवस्तू चालणार नाही. परदेशातल्या बहिणीने एकाच पाकिटात दोन्ही घातली, तर लातूरच्या भावाला हा नियम बहुधा पाकीट अडकल्यावरच कळतो. मग तो ओळखीचा एजंट शोधतो. हुंडेकऱ्याचे नाव बदलले, गरज बदलली नाही.

करोडगिरीच्या इतिहासातून घ्यायचे ते एवढेच. कर किती आहे, याची चर्चा विधिमंडळात होते, वर्तमानपत्रात होते. कर घेणारा माणूस समोरच्याला काय समजतो, याची नोंद कुठल्याच अंदाजपत्रकात नसते. ती लोक मनात ठेवतात, पिढ्यान्‌पिढ्या ठेवतात, आणि राज्य डळमळले की आधी तिचा हिशोब मागतात. मराठवाड्याच्या वेशीवर १९४७-४८ साली तो मागितला गेला. शेकडा ५ चा दर त्यात कोणी मोजला नव्हता.